अकरावी फेरी

बाबांच्या शवपेटीला सहा कड्या होत्या आणि ती उचलणारी सहा माणसं आईनं आधीच ठरवून टाकली होती. पाच बाबांनी निवडलेली, एक तिनं जन्माला घातलेला.

बाबा, लॅडी कुबिचेक, तीस वर्षं एका बेसबॉल क्लबसाठी पोरं हेरायचे. नेब्रास्का, कॅन्सस, दोन्ही डकोटा. मक्याच्या शेतांमधली शाळांची मैदानं, जाळीमागे घडीची खुर्ची, हातात स्टॉपवॉच. दर जूनमध्ये ड्राफ्ट असे. देशातले सगळे क्लब पाळीपाळीनं शाळा-कॉलेजातल्या मुलांची नावं घेत जायचे, फेरीमागून फेरी, दोन-तीन दिवस. नाव घेतलं की क्लबकडून घरी फोन यायचा. त्या फोनसाठी आमच्या भागातली कितीतरी घरं तीन दिवस कुजबुजत जेवायची.

दफनाच्या आदल्या दुपारी चर्चच्या हॉलमध्ये बाबांनी निवडलेली ही पोरं जमली, आता पोक्त झालेली. कुणी टकले, कुणी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले. दोघेच काय ते वरच्या लीगमध्ये, मोठ्या मैदानावर पोचले होते, बाकीचे खालच्या संघांतून बसचे प्रवास करून, खांदे झिजवून घरी आले होते. तरी ओळख करून देताना आडनावामागोमाग साल आणि फेरी सांगायची, ही त्यांची रीतच.

"पर्सेल. चौऱ्याहत्तर, पंधरावी."

"पंधरावी? तुला तर पन्नासावीत कुणी घेतलं नसतं. लॅडीनं त्या वर्षी चष्मा बदलायला हवा होता."

"तुला घेतलं तेव्हा तर त्यानं डोळेच मिटले होते!"

मग कुणीतरी माझ्या भावाकडे वळायचं. "आणि तू रे?"

"मी रोली. मुलगा. फुकटात आलो."

सगळे हसायचे. रोली हे वाक्य वर्षानुवर्षं म्हणत आला होता, ठरल्या जागी थांबून, ठरल्या सुरात.

त्र्याऐंशीच्या जूनमध्ये तो अठरा वर्षांचा होता आणि तीन दिवस स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनखाली बसून होता. आई आम्हाला फोनला हात लावू देत नव्हती. बाबा क्लबच्या कचेरीत, ड्राफ्टच्या खोलीत. रोलीसाठी कुणाचाच फोन आला नाही. सप्टेंबरात तो गावच्या धान्य-कोठारावर कामाला लागला आणि अजून तिथंच आहे. पुढे बाबांची नजर अधू झाली तेव्हा त्यांना सामन्यांना गाडीनं तोच न्यायचा. खेळ संपेपर्यंत गाडीतच बसून राहायचा, रेडिओ लावून.

हॉलमध्ये ऑरिन हॅस्केट आले होते. दुसऱ्या क्लबसाठी पोरं हेरणारे, बाबांचे जन्माचे प्रतिस्पर्धी आणि मित्र. वय चौऱ्याऐंशी तरी असेल. खसखशीचा कोलाचे, आमच्याकडचा गोड पाव, हातात धरून ते टेबलाशी बसलेल्या चौघा-पाचजणांना सांगत होते, "लॅडीएवढा सरळ माणूस मी पाहिला नाही. सांगतो ऐका. आमच्या यादीत त्याचा पोरगा होता. तिसऱ्या बेसवर खेळायचा, हात चांगला. ड्राफ्टच्या आदल्या संध्याकाळी मी लॅडीला फोन केला. म्हटलं, उद्या तुझ्या पोराला घेतो, तुझी हरकत नाही ना? तर म्हणाला, नको घेऊस. वळणारा चेंडू त्याला दिसतच नाही. चार वर्षं बसमध्ये फुकट जातील त्याची. आता बोला! स्वतःच्या पोराबद्दलसुद्धा माणूस खोटं बोलला नाही!"

टेबलावरच्या माना कौतुकानं हलल्या.

रोली हॅस्केटच्या पाठीशी उभा होता. कॉफीची किटली घेऊन तो टेबलाटेबलाशी फिरत होता. मला वाटलं, किटली आता पडणार. पण तो वाकला आणि हॅस्केटचा कप काठापर्यंत भरला. एक थेंब सांडला नाही. मला धसका बसला तो त्या न सांडलेल्या थेंबाचा.

"कितव्या फेरीत घेणार होतात?" त्यानं विचारलं.

"अकराव्या," हॅस्केट वर न बघता म्हणाले.

"नक्की?"

"अरे बाबा, नाव लावून ठेवलं होतं ना मी. अकरावी."

"थँक्यू." रोलीनं किटली टेबलावर ठेवली, हात पुसले आणि दाराबाहेर पडला.

"भला दिसतो. कोण होता?" हॅस्केटनी मला विचारलं.

"माझा भाऊ."

कोलाचे त्यांच्या हातातच राहिला. "वेल्मा," ते म्हणाले, "मला वाटलं, लॅडीनं त्याला केव्हाच सांगितलं असेल." मग पुन्हा, स्वतःशीच, "सांगितलं असेल असंच वाटलं मला."

मी घरी पोचले तेव्हा रोली स्वयंपाकघरात उभा होता, अंगात कोट तसाच. आई खुर्चीत.

"तुला माहीत होतं?" तो तिला विचारत होता.

"मला?" आई ब्याऐंशी वर्षांची आहे, पण त्या क्षणी ती ताडकन उठली. "मला माहीत असतं तर त्या माणसाला या घरात पुन्हा गरम जेवण मिळालं नसतं!" आणि उभ्या उभ्याच रडायला लागली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा.

रोलीनं तिला बसवलं. मग माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग असेल अशी तयारी मी करून आले होते. राग होताच. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली. आनंदच होता तो जवळजवळ.

"अकरावी, वेल्मा. पर्सेल पंधरावीत होता. मी समजत होतो, सबंध देशात एकालाही मी नको होतो... सव्वीस वर्षं समजत होतो."

"रोली—"

"उद्या मी पेटीला हात लावणार नाही. दुसरा माणूस बघा."

तेव्हा मला तो फोन आठवला. ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली होती. रोली तेवढ्यात अंगणात गेला होता, म्हणून मी उचलला. पलीकडे बाबा होते. 'कुणी विचारलं का गं त्याला?' मी नाही म्हटलं. मागं खोलीत कुणीतरी नावं पुकारत होतं. मग बाबा म्हणाले, 'फोन मोकळा ठेवा. अजून फेऱ्या आहेत.'

मी हे तसंच्या तसं रोलीला सांगितलं. त्यात माझं काही घातलं नाही.

तो भिंतीवरच्या फोनकडे बघत राहिला. "म्हणजे फक्त हॅस्केटलाच नको म्हटलं होतं? दुसऱ्या कुणी घ्यावं अशी वाट बघत होते? की नुसतं खात्री करून घेत होते?"

"माहीत नाही."

"आता विचारायचं कुणाला?"

ज्याला विचारायचं तो माणूस चर्चमध्ये होता, पेटीत, इस्त्रीच्या शर्टात.

सकाळी मार्चचा बोचरा वारा होता. टेकडीवरच्या दफनभूमीत शववाहिकेपाशी पाचच माणसं उभी राहिली. अंत्यविधीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. सहावा माणूस मी बघितला नव्हता. मी हातमोजे काढले आणि डोक्याकडच्या रिकाम्या कडीपाशी जाऊन उभी राहिले. आईनं मला अडवलं नाही.

तेवढ्यात फाटकाशी कोठारावरचा ट्रक थांबला. रोली चिखलातून चालत आला आणि माझ्या खांद्याला हात लावून त्यानं मला बाजूला केलं. शेजारच्या कडीशी व्होस उभा होता. बाबांच्या शेवटच्या पोरांपैकी एक. आदल्या दिवशी तो आला नव्हता, त्यामुळे रोलीला ओळखत नव्हता. त्यानं रीतीप्रमाणे हात पुढे केला.

"टेड व्होस. एक्क्याण्णव, सातवी."

रोलीनं हात हातात घेतला.

"रोली कुबिचेक," तो म्हणाला. "त्र्याऐंशी, अकरावी."

पर्सेलनं मान वर केली. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. चेष्टा करायला कुणाला सुचलं नाही.

"लॅडीनं घेतलं तुला?" व्होसनं भाबडेपणानं विचारलं.

"नाही. त्यांनी." रोलीनं हनुवटीनं दाखवलं. हॅस्केट थोड्या अंतरावर, काठीवर रेलून उभे होते. रात्रीत आणखी म्हातारे झाल्यासारखे. "बाबांनी नको म्हटलं."

सगळ्यांच्या नजरा हॅस्केटकडे गेल्या. त्यांनी टोपी काढली. वाऱ्यात त्यांचा आवाज जेमतेम पोचला.

"अकरावी," ते म्हणाले. "बरोबर आहे."

रोलीनं मान हलवली, कोठारावर काट्याचं वजन जुळलं की हलवतो तशी. मग तो वाकला आणि कडी धरली.

"उचला," तो म्हणाला.