पहिलं वाटण

मी पाटा बोलतोय. काळ्या दगडाचा, वाटणाचा. बोलतोय म्हंजे मनातल्या मनात. दगडाला तोंड असतं तर पुढं सांगणार ती फजिती झालीच नसती. ऐकायचं असंल तर खाली बसा. उभ्या माणसाकडं बघायला मला मान वर करता येत नाय.

मुंब्र्याच्या डोंगरात सुरुंग लावून मला फोडला. माझ्या संगतीचे दगड रेल्वेच्या पुलांत गेले. आता त्यांच्या डोक्यावरून आगगाड्या जातात. माझ्या कडेला एक बारीक चीर निघाली. पाथरवटानं तिच्यावरनं अंगठा फिरवला, बाजूला थुंकला नि म्हणाला, "हा पुलाचा नाय, चुलीचा." झालं. जल्माचा निकाल एवढ्यात लागला.

कल्याणच्या एका खोलीवाल्यानं मला घेतला. स्टेशनाच्या मागं त्याच्या चार खोल्या होत्या, कामकऱ्यांना भाड्यानं द्यायच्या. भाडेकरू जाताना सामान पळवतात म्हणून त्या शहाण्यानं मला चुलीशेजारी जमिनीत गाडला, वर चुना ठेचला, शेण सारवलं. जगातले पाटे भिंतीला टेकून उभे राहतात, उन्हात वाळतात, लग्नाला शेजारच्या घरी जाऊन येतात. मी गळ्यापर्यंत जमिनीत. वर फक्त पाठ उघडी.

त्या मोठ्या दुष्काळाला तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा मुरबाडकडचे चार गडी त्या खोलीत आले. रेल्वेच्या रुळांवर काम करायचे. त्यातला एक मारुती. अंगानं दणकट, बोलायला फटकळ, नाकावर राग. मला तो पहिल्या दिवशीच आवडला, कारण त्यानं मालकाला विचारलं, "ह्या बिचाऱ्याला गाडला कशाला, पळून जाणार होता काय?"

वर्षभरात मारुतीच्या पायावर रुळाखालचं लाकूड पडलं. डाव्या पायाची बोटं गेली. मुकादमानं चार दिवस वाट बघितली नि दुसरा माणूस लावला. बाकीचे तिघं चांगले होते. म्हणाले, तू कुठं जातोस, खोलीत बस, आपल्या चौघांचं रांधत जा, तुझं खाणं आमच्यात. मारुतीनं तांब्या भिंतीवर मारला. म्हणाला, मी काय बाई हाय? मग दिवसभर दाराकडं तोंड करून बसून राहिला. संध्याकाळी भूक लागली तेव्हा उठला नि चूल पेटवली.

पहिले दोन महिने त्यानं जे केलं त्याला जेवण म्हणायचं म्हंजे जेवणाचा अपमान हाय. तांदळाचं पीठ थंड पाण्यात मळायचा नि भाकरी फुटली की तव्याला शिव्या द्यायचा. उकड काढायची असते हे त्याला कोण सांगणार? आईला, बायकोला करताना कधी धड बघितलंच नव्हतं. बाप्यानं चुलीकडं बघायचं नसतं म्हणं. बघायचं नाय, पण जेवायला वेळेवर पायजे. माणसांची ही तऱ्हा मला कधी कळली नाय.

पण हट्टी होता. एक भाकरी फुटली की दुसरी, दुसरी फुटली की तिसरी. फुटत फुटत एक दिवस फुगली. तो तव्याकडं बघत राहिला नि तेवढ्यात ती करपली.

तिथनं त्याला नाद लागला. बाजारातनं सुकट आणायचा, भाजलेली कैरी घालून माझ्यावर वाटायचा. तांदूळ भिजवून वाटले नि त्यात ताडी घातली, सकाळी पीठ टोपातनं उतू गेलं. त्याचे घावण जाळीदार झाले, पण विठ्ठल कामावर जाऊन झोपला नि मुकादमाच्या शिव्या खाऊन आला. हा विठ्ठल चौघांत बोलघेवडा. म्हणायचा, "मारुती, तुझ्या हातचं खाऊन एक तर मी मरीन नाय तर लठ्ठ होईन. कुठलं ते आधी सांगत जा." कुळथात चिंच, वालात गूळ, बोंबलात भाजका लसूण. चार डाव फसायचे, पाचवा असा जमायचा की तिघं बोलायचे बंद. मारुतीला तेच बक्षीस.

दुपारी खोलीत आम्ही दोघंच. वाटता वाटता तो बोलायचा, माझ्याशी की स्वतःशी कुणास ठाऊक. म्हणायचा, रूळ उचलण्यात माझं काय होतं, बैल पण उचलंल. स्टेशनापाशी चार पत्रावळी मांडीन, गाडीवरच्या लोकांना गरम भाकरी नि कालवण देईन, नाव काढतील. मग हात थांबायचा. म्हणायचा, हौसाला काय सांगू?

हौसा त्याची बायको. तो कल्याणला आला तेव्हा ती माहेरी गेलेली. तिचा बाप काळुराम, गावातला वजनदार माणूस. त्यानं सांगून ठेवलेलं, जावयाचं काम नि बिऱ्हाड बघीन, मंगच पोर नांदायला पाठवीन. पाय गेल्याचं मारुतीनं गावी कळवलंच नव्हतं. वर विठ्ठल गावी गेला तेव्हा, मित्राची लाज राखायला म्हणून, सांगून आला की मारुती आता मुकादम झाला.

वैशाखात निरोप आला. काळुराम येतोय. काम बघणार, नाय पटलं तर काडीमोड घेऊन पोरीचं दुसरीकडं जमवणार.

विठ्ठल म्हणाला, जेवण झकास झालं पायजे, पोटभर जेवलेला माणूस जास्त विचारत नाय. पाय उपरण्याखाली झाक, रांधायला बाई ठेवलीय म्हणून सांगू. मारुती बाजारात गेला. कोंबडी आणली. कांदा निखाऱ्यात भाजला, सुकं खोबरं भाजलं, मिरच्या, खसखस. आणि दोन कैऱ्या भाजून घेतल्या. कोंबडीत कैरी, हा त्याचा स्वतःचा शोध. दोन वेळा करून बघितलेला.

मी तेव्हा झिजून गुळगुळीत झालेलो. काळुराम यायचा त्याच सकाळी टाकीवाली, पाट्यांना टाकी लावणारी बाई, गल्लीत ओरडत आली. मारुतीनं तिला आत बोलावलं. तिनं छिन्नी-हातोडी घेऊन माझ्या पाठीवर ठिपके पाडले, टक टक टक. दुखतं, पण बरं वाटतं, पाटा पुन्हा पाटा होतो. मारुतीनं पैसे टाकले, ती निघाली. घरात कुणी बाई असंलच, तिला पुढचं ठाऊक असंलच, असं धरून ती काय बोलली नाय.

पुढचं काय ते ऐका. टाकी लावलेल्या पाट्याच्या अंगात दगडाची कच बसलेली असते. पाण्यानं धुऊन ती जात नाय. आधी भाताचा कोंडा वाटायचा, फेकायचा, पुन्हा वाटायचा, पुन्हा फेकायचा. शेणानं सारवणारी आठ वर्षांची पोर पण हे जाणते. मारुतीला ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्यावर दोन तांबे पाणी ओतलं, फडक्यानं पुसला नि खोबरं टाकलं.

मला ठाऊक होतं. एकेक दाणा माझ्या अंगातनं सुटून त्या वाटणात जाताना मला कळत होता. तो गाणं म्हणत वाटत होता. मी गाडलेला. हललो असतो तर वाटण सांडलं असतं, तेवढं केलं असतं तरी पुरं होतं. काय केलं? पडून राहिलो.

काळुराम आला. पांढरं पागोटं, जाड मिशी. विठ्ठलानं पाट मांडला, मारुतीला उपरणं पांघरून शेजारी बसवला, वाढायला स्वतः उभा राहिला. रस्सा लालबुंद, वास खोलीबाहेर गेलेला. काळुरामानं भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला.

कच.

त्यानं दुसरा घास घेतला. पुन्हा कच. तोंडात बोट घालून मोहरीएवढा काळा कण काढला नि पत्रावळीच्या कडेला ठेवला.

"तुमच्या रेल्वेची खडी इथं पण टाकतात काय?"

विठ्ठल घाईनं म्हणाला, रखमाबाई म्हणून एक म्हातारी ठेवलीय, रांधून आत्ताच गेली, तिला दिसत नाय. काळुराम हसला. चिडला नाय, खरंच हसला. मारुतीनं मान खाली घातली. अजून सगळं ठीक होतं. म्हातारीवर ढकललं, खेळ संपला, हौसा येणार होती.

काळुराम म्हणाला, "म्हातारीला हाकला. दिसत नाय ते नाय, चव पण गेलीय तिची. कोंबडीत कैरी घातलीय. कैरी कुणी घालतं काय कोंबडीत? बाटवली सगळी."

मारुतीचे कान लाल झाले. मी ओळखलं. विठ्ठलानं पण ओळखलं, त्यानं मारुतीच्या पाठीवर गुडघा टेकला. उपेग झाला नाय.

"खडा लागला, माफी असावी," मारुती म्हणाला. "पण कैरीला नाव ठेवायचं नाय."

"का, तुझी कोण लागते ती म्हातारी?"

"म्हातारी नाय कुणी. मी केलंय. कैरी मी घातलीय, भाजून, मुद्दाम. रोज दोन वेळा मीच रांधतो." त्यानं उपरणं बाजूला फेकलं नि पाय पुढं केला. "हा बघा पाय. मुकादम नाय मी. रांधतो. नि चांगलं रांधतो. कच विसरा नि पुन्हा एक घास खाऊन बघा."

काळुरामानं घास खाल्ला नाय. बिनबोटांचा पाय बघितला, चूल बघितली, मला बघितला. पत्रावळीवर पाणी सोडलं. म्हणाला, "पाय गेला त्याचं मला वाईट वाटतं. पण नवऱ्याच्या हातचं खायला नाय दिली पोर मी." नि उठला.

तो गेल्यावर विठ्ठलानं धोतराच्या फडक्यातनं रस्सा गाळला नि बाकीचे दोघं कामावरनं आल्यावर तिघं जेवले. विठ्ठल म्हणाला, "गाढवा, बायको गेली तुझी." जरा वेळानं म्हणाला, "कैरी लागते मात्र बेस."

पंधरा दिवस मारुतीनं नुसता भात नि मीठ केलं. माझ्याकडं बघितलं पण नाय. मंग एक दिवस त्यांच्या गावचा गाडीवान कल्याणला गवत घेऊन आला, तो खोलीवर आला. म्हणाला, तुझ्या सासऱ्यानं गावभर सांगितलंय, जावई बायकांची कामं करतो. सगळे हसतात. मारुती म्हणाला, हसू दे. गाडीवान म्हणाला, अजून एक हाय. हौसा विहिरीवर भेटली. तिनं निरोप दिलाय. म्हणाली, त्यांना सांगा, टाकी लावली की आधी कोंडा वाटायचा, दोनदा, नि फेकायचा.

मारुतीनं वळून माझ्याकडं बघितलं.

"आणि म्हणाली, एका कोंबडीला कैऱ्या किती, ते विचारून या."

मारुतीनं गाडीवानाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. उगाच चुलीतली लाकडं हलवली. मंग म्हणाला, "हे निरोपात सांगता यायचं नाय. कैरी केवढी, आंबट किती, ते हातानं बघावं लागतं." दुसऱ्या दिवशी काठी घेतली, गाडीवानाच्या रिकाम्या गाडीत बसला. जाताना माझ्यावर तळहात ठेवला. मला उपटायला कडेला पहार लावून बघितली होती त्यानं, पण चुना दगडासारखा झालेला. तो म्हणाला, येतो. खोटं बोलला असं मी म्हणत नाय. त्याला तसंच वाटत असंल.

तो आला नाय. पावसाळ्यानंतर विठ्ठल गावाहून आला, त्यानं सांगितलं. काळुरामानं पोर दिली, पण एका अटीवर. जावयानं तिथंच राहायचं, त्याची गुरं राखायची नि चुलीपाशी पाऊल टाकायचं नाय. मारुतीनं मान्य केलं. तो रागीट मारुती, हो म्हणाला. स्टेशनापाशी पत्रावळी मांडायचं सगळं राहिलं. तिथं आता दुसरा कुणी बसतो, भाकऱ्या कच्च्या असतात.

विठ्ठल म्हणाला, संध्याकाळी गुरं बांधली की मारुती उंबऱ्याच्या बाहेर बसतो. आत हौसा वाटायला बसते. तो बाहेरनं वास घेतो नि सांगतो, खोबरं अजून भाजायला पायजे होतं, लसूण दोनच पाकळ्या घाल, हां, आता पाण्याचा हात लाव. ती घालते. सासरा ओसरीवर असला तर तो गप्प बसतो. मंग ती आतनं विचारते, "घालू का?" तो फक्त खोकतो. एकदा खोकला म्हंजे घाल. दोनदा म्हंजे नको. विठ्ठल तिथं जेवला. म्हणाला, असं कालवण जल्मात खाल्लं नाय. काळुराम दोनदा वाढून घेतो नि पोरीच्या हाताचं कौतुक करतो.

हे ऐकून मला आनंद व्हावा की राग यावा, मी अजून ठरवलेलं नाय. बहुतेक रागच येतो. पण त्याच्या खोकल्याला आत कुणी तरी कान लावून बसलंय, एवढं खरं.

माझं विचाराल तर मी इथंच. त्याच खोलीत, त्याच चुलीशेजारी. ही चूल आता पेटत नाय, नवे भाडेकरू विकत आणून खातात. माझ्या पाठीवर त्यांनी कोळशाची पाटी ठेवलीय. टाकीचे ठिपके अजून तसेच हायत, बोट लावलं तर लागतील.

झालं माझं सांगून. उठा आता, तुमचे पण पाय अवघडले असतील. जाता जाता ती पाटी तेवढी बाजूला सरकवा.