ठकीसाठी चिठ्ठी

"बोंबील घ्याऽ, जवळा घ्याऽ, दारी आला दर्याऽ!"

हा माझ्या आईचा आवाज. तिला सगळे माई म्हणायचे, म्हणून मीही माईच म्हणायचो. आलेवाडीच्या किनाऱ्यावर वाळवलेली मासळी पाटीत भरून ती एस.टी.नं बोईसरला यायची आणि तिथून पायी बेटेगावच्या पाड्यांवर. मासळी द्यायची, भात घ्यायचा. मी सहा-सात वर्षांचा, तिच्यामागे पाय ओढत. वरच्या पाड्याच्या तोंडाशी एक काळा सपाट खडक होता. त्यावर ती पाटी उतरवायची, पदरानं मान पुसायची आणि मग एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची.

"बळवंताऽ! हंसेऽ! अरे जिवल्याऽ, अगे ठकेऽ, आयशीला सांगा, माई आली!"

एकदा मी म्हटलं, "माई, हंसा तर आपल्याला बोईसरला भेटली. ती घरात नाय."

"म्हाईत हाय मला."

"मग हाक कशाला मारते?"

"हाक हंसेला नाय मारत. हंसेचं नाव आयकून बाकीच्या बाया भायेर येतात. जिथं कोणी नाय, तिथं कोण येतो?"

माई गेली. खडक आहे.

मी कमलाकांत, रेडिओवर बोलतो. बोईसरमधलं लहानसं केंद्र, एका संस्थेनं चालवलेलं. चढावर उभं राहिलं तर दहा-बारा किलोमीटरपर्यंत ऐकू येतं. त्यावर रोज दुपारी चार ते पाच माझा 'हाक' हा कार्यक्रम. गप्पा, भरती-ओहोटीच्या वेळा, बाजारातले भाव, हरवलेल्या शेळ्या आणि गुरुवारी श्रोत्यांच्या चिठ्ठ्या. त्यासाठी आम्ही सालवड, पाम, बेटेगाव अशा ठिकाणी दुकानांबाहेर पत्र्याच्या पेट्या टांगल्या होत्या. लिहिता न येणाऱ्यानं दुकानदाराकडून लिहून घ्यायचं. संस्थेचे नरहरीसाहेब दर महिन्याला चिठ्ठ्या मोजायचे. तेवढंच आमचं माप. चिठ्ठ्या कमी झाल्या की तासाचा अर्धा तास होणार, अर्ध्याचा पाव.

तीन-चार वर्षांनी त्या कमी झाल्या. एका बुधवारी पेट्यांतून पाच निघाल्या, त्यातली एक विडीच्या कागदावर, कोरी. मी दार लावून घेतलं आणि लिहायला बसलो. अक्षर बदलायचं, शाई बदलायची, कागद थोडा चुरगळायचा. नावं कुठून आणली, असं विचारलंत तर तेव्हा म्हणालो असतो, मनानं. पाड्यापाड्यावर असतात अशी नावं. 'बेटेगावहून जिवल्या, आपल्या बहिणीसाठी, ठकीसाठी. ठके, मी बरा हाय. तू बरी ऱ्हा.' ही दोन नावं मला जोडीनंच सुचली. त्यांना भाऊ-बहीण मीच केलं.

चिठ्ठी चांगली होती. लोक विचारायला लागले, या आठवड्यात जिवल्याची आली का? मग दर गुरुवारी शेवटी तीच. खऱ्या चिठ्ठ्या पुन्हा येऊ लागल्या, तरी ती चालूच राहिली. माईची युक्ती, दुसरं काय. तेरा वर्षं मी ती वाचली. पुढे पुढे लिहीतही नव्हतो, नुसता कागद पुढ्यात धरायचो.

यंदा संस्थेत नवी माणसं आली. चिठ्ठ्यांवर त्यांचा विश्वास नाही. मुंबईच्या कंपनीकडून घरोघर पाहणी करायची आणि आकडे बरे आले नाहीत तर 'हाक' बंद, असं त्यांनी मला नीट बसवून, चहा पाजून सांगितलं. मला काही झालं नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, तो पाहत राहिलो. चहात साखर जास्त होती, एवढं लक्षात आहे.

पाहणीला आलेली मुलगी स्नेहा. हातात टॅब, पाठीला सॅक, उन्हाची टोपी. पाड्यांच्या वाटा दाखवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"सर, एकच अट," ती गाडीत बसताना म्हणाली. "तुम्ही कुठेही बोलायचं नाही. तुमचा आवाज ओळखला, तर लोक तुमच्या तोंडावर खरं सांगणार नाहीत. मग आकडे बिघडतात."

मी मान हलवली. तेव्हापासूनच गप्प.

सालवडला चाळीच्या जिन्यात पाळीवरून आलेला एक कामगार दात घासत उभा होता. "रेडियो? अरे मॅडम, मोबाइल में सब है," तो म्हणाला आणि चूळ भरून आत गेला. त्याच्या शेजारणीनं विचारलं, "रेडिओ ऐकला तर काय मिळतं? डबे?" पामला एका आजोबांनी कपाटावरून रेडिओ काढून दाखवला. त्यात सेल नव्हते. तरी त्यांनी सांगितलं, रोज ऐकतो. स्नेहानं विचारलं, काल काय होतं? आजोबा म्हणाले, "काल? काल पण चांगलं होतं."

दोन दिवसांत एकेचाळीस घरं झाली. 'हाक' ऐकणारी दोन, त्यातलं एक या आजोबांचं. स्नेहा माझ्याकडे न बघता टॅबवर बोट फिरवायची. तिला माझी कीव येत असावी. माझी मला येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी बेटेगाव. चिल्हार रस्त्यावर टँकरांची रांग लागली होती, म्हणून गाडी खाली सोडून आम्ही चढ चढलो. पळस फुलले होते. वळणावर तो खडक दिसला आणि स्नेहा त्यावर बसून बुटातला खडा काढू लागली. माझ्या कानात माईनं हाका मारल्या. बळवंता, हंसे, जिवल्या, ठके. त्याच क्रमानं. मी तिथंच उभा राहिलो.

"सर, पाणी हवंय का?"

मी मानेनं नको म्हटलं.

पहिलंच घर कुडाचं. अंगण सारवलेलं, भिंत नुकती गेरूनं लिंपलेली, लग्नघराची असते तशी. पन्नाशीतली एक बाई सुपात तांदूळ पाखडत होती. शेजारी खुंटीला रेडिओ टांगलेला, त्याला जुन्या चोळीच्या कापडाची पिशवी शिवलेली.

"मावशी, नाव काय तुमचं?"

"ठकी."

स्नेहानं लिहून घेतलं. मी अंगणातल्या बाजेवर बसलो.

"रेडिओ ऐकता?"

"मग काय, टांगून ठेवलाय काय देवासारखा?" ठकी हसली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यो कोण? डायवर?"

"हो... म्हणजे सोबत आलेत."

"मुका हाय काय? चहा पाहिजे तं बोलावं लागंल. आमच्याकडं बिनबोल्याला चहा नाय मिळत."

स्नेहा हसली. मीही तोंड हसरं केलं. ठकीनं आत जाऊन कोरा चहा आणला, मला आधी दिला.

"'हाक' कार्यक्रम माहीत आहे? आठवड्यातले किती दिवस ऐकता?"

"रोज. गुरुवारचा दोनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत लागतो ना."

स्नेहाचं बोट भराभर चालू लागलं. सलग किती वेळ? पूर्ण तास. मध्येच दुसरं स्टेशन लावता? नाय. किती वर्षं ऐकता? लय. तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत आनंद मावत नव्हता. त्यांच्या भाषेत याला निष्ठावान श्रोता म्हणतात. आठवड्यातून तीनदा ऐकलं तरी पुरे असतं.

"मावशी, या कार्यक्रमात तुम्हाला काय आवडतं? बातम्या, गाणी, बाजारभाव, की बोलणाऱ्याचं बोलणं?"

"बोलनारा बोलतो जास्ती," ठकी म्हणाली. "पन मानूस चांगला. मी माझ्या भावासाठी आयकते."

"भाऊ रेडिओवर आहे?"

"भाऊ चिठ्ठी लिवतो. जिवल्या. दर गुरुवारी."

चहाचा कप माझ्या हातात होता. तो तसाच राहिला. सांडला नाही, हललासुद्धा नाही.

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सांगू लागली, कितीतरी वेळा सांगितलेलं असावं तसं, न अडखळता. जिवल्या प्यायचा. एका शिमग्याला पिऊन आला नि होळीपुढं पोरांना मारलं. "मी त्याला बोलले, जा, परत तोंड नको दाखवू. तो गेला. वैतरणेच्या खाडीत रेती काढायला गेला, पाड्यातल्या दादूसंगं. पावसाच्या आधी दादू एकटाच आला. बोलला, जिवल्या बोटीवरनं पडला, सापडला नाय. पाडा रडला. दिवस करायला भगत बोलावला. आनि त्याच गुरुवारी रेडिओ बोलला. बेटेगावहून जिवल्या. ठके, मी बरा हाय."

"मग?" स्नेहानं विचारलं. तिच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न नव्हता.

"मग काय! दादूला अंगनातनं हाकलला. मेलेला मानूस चिठ्ठी लिवतो काय? भगत परत धाडला. जिवल्याची बायको गेली माहेरी, पोर मी वाढवली. जागृती. पोरगी बोलते, आत्ये, बा येत का नाय मग? मी बोलते, रागवलाय. माझ्यावर रागवलाय. पन नाव घेतो ना माझं. लांब नाय गेला. पेट्या हायत तितक्यातच हाय कुठंतरी."

"तुम्ही शोधलं नाहीत?"

"सालवडच्या पेटीपाशी दोन आठवडे बसले. बोईसरला रेडिओच्या टेसनावर गेले, तिथला वॉचमन बोलला, चिठ्ठ्या पेटीतनं येतात, कोन टाकतो ते देवाला ठावं." ती हसली. "ल्हानपनी बरं होतं. एक माई यायची सुकी मासली घेऊन. ती खडकावरनं आमच्या दोघांच्या नावानं वरडली का आमी एका पायावर पलत जायचो. जिवल्याच पयला."

एका फांदीवर बुलबुल होता. तो उडाला. मी मोकळी फांदी बघत होतो.

स्नेहानं शेवटचा प्रश्न वाचला. "हा कार्यक्रम बंद झाला तर वाईट वाटेल? खूप, थोडं, की अजिबात नाही?"

"बंद होनार?" ठकी उठूनच उभी राहिली. "कदी?"

"नाही, तसं काही ठरलेलं नाही. हा नुसता प्रश्न आहे."

"मग आठ दिस तरी नका करू बंद, बाय." ती आत गेली, देवाच्या कोनाड्यातून घडी केलेला कागद घेऊन आली. "जागृतीचं लगीन हाय. धवलेरी येऊन गेली, लग्नाची गानी म्हननारी. ती विचारते, गान्यात पोरीच्या बापाचं नाव कुठं घेऊ? जित्यांत घेऊ का मेल्यांत? जित्याचं नाव मेल्यांत घेतलं तं पाप. मेल्याचं नाव जित्यांत घेतलं तं तो दारात ऱ्हातो, आत बी येत नाय नि जात बी नाय. मी बोलले, थांब. गुरुवारी चिठ्ठी वाचू दे. ही त्या कमलाकांतभावाला द्या. पोरीनं लिवलीय."

स्नेहानं कागद घेतला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणून ठकीनं तो माझ्यापुढं धरला.

मी उलगडला. वहीचं पान, जागृतीचं गोल अक्षर. 'बाबा, सोमवारी हळद हाय. आत्ये रागवलेली नाय. या.'

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. लाल दिवा लागल्यावर माईकसमोर असतं तेवढंच डोकं स्वच्छ होतं. हे पान गुरुवारी छान वाचता आलं असतं. शेवटी थोडं थांबायचं आणि मग, ठके, मी येतो. सोमवारी अंगणात सगळ्या पाड्यानं वाट बघितली असती.

स्नेहा हळूच म्हणाली, "सर, निघू या का?"

मी कागदाची घडी घातली.

"ठके," मी म्हणालो.

पाहणीच्या तीन दिवसांत कुणाच्या दारात उच्चारलेला पहिला शब्द. तो माईच्या चालीवर आला, शेवट लांबवत. ठकीचा हात हवेतच राहिला. मग तिचं सगळं तोंड उजळलं.

"अगे माय! ह्यो तं तोच! कमलाकांतभाव! आवाज कुठं लपवून ठेवला होता रे? आनि मी मुका बोलले तुला!" तिनं पदरानं बाज झटकली, मी बसलेलो असतानाच. "जागृती! अगे जागृती, भायेर ये, कोन आलंय बघ! थांब, साखरेचा चहा टाकते. तू आधी सांग मला, तुला तं ठावंच असंल. जिवल्या कुठं टाकतो चिठ्ठी? कुठल्या पेटीत? सालवडच्या का पामच्या?"

स्नेहानं टॅब मांडीवर उपडा ठेवला.

"कुठल्याच नाय, ठके," मी म्हणालो. "त्या चिठ्ठ्या मी लिवल्या. सगल्या मीच. जिवल्याची एक बी चिठ्ठी कदी आली नाय."