सत्तरचा टेकू

माझे बाबा शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कोट शिवले आणि चाळीस वर्षांत मला एकही शिवला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याच घरी असायचा. आई दर थंडीत आठवण करून द्यायची आणि बाबा दर थंडीत म्हणायचे, "आधी गिऱ्हाइकं, मग घरचे." शेवटी आईने स्वतः जाऊन राखाडी लोकरीचं कापड आणलं, त्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "आता बघते कसे विसरता ते." पुढची थंडी यायच्या आत ती गेली. कापड फळीवरच राहिलं. मी दुकानातून तयार कोट घेतला. तो डाव्या खांद्यात ओढायचा. बाबा रोज सकाळी मला जाताना बघायचे आणि रोज नाक मुरडायचे, पण त्या कापडाला हात लावायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

मग त्यांना झटका आला. मेंदूत गुठळी झाली आणि उजवी बाजू लुळी पडली. महिन्याभरात पाय पुष्कळ सुधारला. तोंड सरळ झालं, जीभ तर एक दिवसही गप्प नव्हती. राहिला तो हात, तोही उजवा. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी पहिलं वाक्य कोणतं बोलावं? "तुझा कोट राहिला गं." मी म्हटलं, हात बरा करा आणि शिवा. ते म्हणाले, "शिवीनच. तोच शिवीन आधी, गिऱ्हाइकं गेली उडत."

मी ज्या रुग्णालयात काम करते तिथे दुसऱ्या मजल्यावर, लुळे पडलेले हात पुन्हा चालते करायचा, आमचा विभाग आहे. पूर्वी तिथे चादरींचं कोठार होतं, अजूनही भिंतींना साबणाचा वास येतो. सहा खुर्च्या आणि सहा चष्मे. चष्मे आपलं आम्ही म्हणतो. डोळे, कान सगळं झाकणारी ती जाडजूड वस्तू आहे. ती चढवली की माणूस त्याच्या ओळखीच्या जगात जातो. आचाऱ्याला स्वयंपाकघर दिसतं, ड्रायव्हरला रस्ता. स्पर्श मात्र कशाचाच होत नाही. बाबांनाही तिथेच आणलं आणि त्यांना त्यांचं दुकान मिळालं: कापायचं टेबल, खडू, टेप, मोठी कात्री.

मनगटाला एक पट्टा बांधतात. तुमचं बोट खरं तर तीळभर हलतं, पण चष्म्यातला हात ती हालचाल मोठी करून दाखवतो आणि कात्री झरझर चालते. याला आम्ही टेकू म्हणतो. हात चालताना दिसला की मेंदूला हुरूप येतो, तो नव्याने खटपट करायला लागतो. फक्त टेकू काढत जावा लागतो. सुरुवात सत्तर टक्क्यांपासून, मग दर सोमवारी पाच कमी. कमी केल्यावर आठवडाभर माणूस रडतो, चिडतो, आणि त्या रडण्याचिडण्यातच हात कामाला लागतो. सगळा उपचार त्या पाचात आहे.

आणि दर सोमवारी ते पाच कमी करायचं काम माझं. बावीस पेशंट, बावीस आकडे. मला तिथे 'पाचवाली बाई' म्हणतात. एक म्हातारा आचारी तर सोमवारी मला बघून डोळे मिटून घ्यायचा. मी कधी कोणाला सवलत दिली नाही. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, मी फक्त मुंगीला बसू देत नाही, असं मी ऐटीत सांगायचे.

आपल्या माणसावर आपण उपचार करायचे नाहीत, असा विभागाचा नियम आहे. म्हणून बाबा माझ्या सहकाऱ्याकडे होते. तो प्रत्येक पेशंटला दिवसातून पन्नासदा 'सावकाश' म्हणतो, म्हणून त्याचं नावच सावकाश. माणूस भला आणि बाबांशी त्याची छान गट्टी. पण सोमवारचे आकडे माझ्याकडेच, आणि नियमात त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या सोमवारी मी बाबांचे पासष्ट केले. दुसऱ्या सोमवारी साठ. त्या दिवशी चष्म्यातलं चित्र बाहेर दाखवणाऱ्या पडद्यावर मी बघत होते. कात्री कापडात अर्ध्यावर गेली आणि थांबली. बाबांनी पुन्हा जोर लावला, पुन्हा थांबली. त्यांनी डाव्या हाताने चष्मा काढला. डोळे वाहत होते. "इथलंही गेलं का माझं?" त्यांनी सावकाशला विचारलं. असं रडताना मी शंभर माणसं पाहिली होती आणि 'उद्या बघू' म्हणून पुढच्या खुर्चीकडे वळले होते. त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत परत आले आणि बाबांचा टेकू सत्तर केला. एकच आठवडा, असं स्वतःला सांगितलं.

पुढच्या सोमवारी एकवीस आकडे कमी केले, एक तसाच ठेवला. आपला तो बाब्या! तक्त्यात मात्र नियमाप्रमाणे पंचावन्न लिहिले. मग पन्नास, मग पंचेचाळीस. सावकाश तक्ता बघायचा आणि हरखून जायचा. "मास्तर, टेकू कमी होतोय आणि तुमची कात्री जोरात! असा पेशंट मी पाहिला नाही." बाबांची छाती फुगायची. आणि ती फुगलेली बघून माझं दिवसभराचं पोट भरायचं, हे खोटं कशाला बोलू?

घरी मात्र चमचा हातातून पडत होता. बाबांकडे त्याला उत्तर होतं. "घरी हा आळशी होतो गं. दुकानात गेला की शुद्धीवर येतो." सकाळ-संध्याकाळ ओला टॉवेल पिळायचा, वाटीतले वाटाणे एकेक उचलायचे, असा घरचा व्यायाम होता. तो त्यांनी सोडून दिला. "तिकडे मी कोटाचे मुंढे कापतोय आणि इथे वाटाणे निवडू?" मी ऐकून घेतलं. पहिले तीन महिने मेंदू ओल्या मातीसारखा असतो, तेव्हा काय ते घडवून घ्या, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मीच ते वाक्य रोज इतरांच्या नातेवाइकांना सांगत होते.

तीन महिने झाले त्या आठवड्यात एका दुपारी मी लवकर घरी आले. बाबांनी जेवायचं टेबल खिडकीपाशी ओढलं होतं. त्यावर आईने आणलेलं राखाडी कापड पसरलेलं होतं. माझा जुना कोट मापासाठी शेजारी ठेवला होता. बाबा उभे होते आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं कात्रीच्या कड्यांत अडकलेली होती. ती डाव्या हाताने एकेक करून आत घातली असणार.

कापड पाठीच्या मधोमध कुरतडल्यासारखं कापलं गेलं होतं. खडूची रेष एकीकडे आणि कात्री दुसरीकडे. पाठीतून ती पुढच्या भागात शिरली होती, तिथे वळली होती, तिथून बाहीचं कापड खाऊन गेली होती. पहिल्याच वितीला कळायला हवं होतं. पण चूक आहे हे पटत नसलं की माणूस आणखी जोर लावतो, तसे ते कापत गेले होते.

"कात्री बोथट झाली आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "धार लावून आण."

मी त्यांची बोटं कड्यांतून सोडवली. कात्री हातात घेतली. हो म्हणून बाहेर पडले असते तर तो दिवस निभावला असता. पण शिंप्याची मुलगी आहे, हात सवयीने चालला. कापडाचा एक सुटा दोरा धरला आणि कात्री मिटली. दोरा टचकन तुटला. बाबांनी ते पाहिलं.

ते खुर्चीत बसले. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तिकडे कात्री कोण चालवत होतं गं?"

"बाबा..."

"त्या टेकूचं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा किती होता?"

"सत्तर."

"आणि काल?"

"सत्तर."

लहानपणी दुमड वाकडी घातली म्हणून या माणसाने मला भर दुकानात झापलं होतं. मी आता तसं काही तरी होईल म्हणून वाट बघत होते. झालं असतं तर बरं झालं असतं. ते कापडाच्या तुकड्यांच्या कडा एकमेकींना लावून बघत होते, डाव्या हाताने, पुन्हा पुन्हा. "शिवण चुकली तर उसवता येते," ते म्हणाले. "बेतणंच चुकलं तर काय उसवणार, सांग."

"मला तुम्हाला रडताना बघवलं नाही," मी म्हटलं.

"मग रडू द्यायचं होतंस, बाळा. माझं रडणं होतं ते."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, सगळं सांगितलं. त्यांनी सोमवारचं काम माझ्याकडून काढून घेतलं. सावकाशने आठवडाभर माझ्याशी एक शब्द काढला नाही. मग एका दुपारी माझ्यासाठी चहा ठेवून गेला, पण बोलला तेव्हाही नाही. टेकू काढून बाबांचा हात तपासला, तर तो जवळजवळ पहिल्या दिवशी होता तिथेच होता. बाबांनी मुकाट्याने टॉवेल घेतला. पुढचे चार महिने त्यांनी पिळला. दात-ओठ खाऊन पिळला, वाटाणे जमिनीवर सांडले, वेचले, पुन्हा वाटीत भरले. आता ते पेला धरू शकतात. कात्री नाही. डॉक्टर म्हणाले, थोडंफार पुढेही होईल, पण कोट शिवायची आशा धरू नका. टेकू वेळेवर कमी केला असता तर जमलं असतं का, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांनी हो म्हटलं असतं तरी मी सोसलं असतं. 'सांगता येत नाही' हे मला रोज नव्याने सोसावं लागतं.

उपचार संपले की आमच्याकडे फाइलवर एक खूण बदलतात. 'उपचार' खोडतात, 'विरंगुळा' लिहितात. विरंगुळावाल्यांना आठवड्यातून एकदा अर्धा तास चष्मा मिळतो, टेकू हवा तितका. बाबांच्या फाइलवर सावकाशने ते लिहिलं तेव्हा मला वाटलं, ते आता कधी यायचे नाहीत. पण पुढच्याच बुधवारी ते आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "विरंगुळा तर विरंगुळा. सत्तर ठेवा."

दहा बुधवार ते काहीतरी शिवत होते. काय, ते मी पडद्यावर बघितलं नाही. अकराव्या बुधवारी त्यांनी मला बोलावलं. "दुसरा चष्मा लाव. अंगावर घालून बघायचाय."

मी चष्मा लावला. दुकान तसंच होतं. टेबलामागे बाबा उभे होते, ताठ, दोन्ही हातांचे. त्यांनी राखाडी कोट उचलून माझ्यामागे धरला आणि मी हात घातले. समोरच्या आरशात बघितलं. इतकी सुबक कॉलर मी जन्मात अंगावर घातली नव्हती. आई असती तर तिने कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली असती. बाबांनी गळ्यातला टेप सारखा केला, दोन पावलं मागे गेले आणि डोळे बारीक केले. गिऱ्हाइकांकडे ते असेच बघायचे.

"खरं सांग हं," ते म्हणाले. "गिऱ्हाइकासारखं छान-छान करू नकोस. डाव्या खांद्यात ओढतोय का?"

जिभेवर 'अगदी बरोबर बसलाय' आलं होतं. मी ते गिळलं.

"बाबा, मला काहीच जाणवत नाहीये."

त्यांनी उजवा हात वर केला, माझ्या खांद्यावर ठेवला, कापड सारखं केलं.

"हं," ते म्हणाले. "मलाही नाही."

आणि ते बटणं लावायला लागले.