टोलेफसनबाई येथे राहत नाहीत

विषय : मतदार यादीतील नाव बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : अर्डिस निगार्ड (पूर्वीच्या टोलेफसन) यांचा २ मार्चचा अर्ज, सोबत न्यायालयाचा आदेश.

वरील प्रकरणी मी बोलतोय. मी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाचं पडताळणीचं कार्ड. माझ्यामुळे एका बाईचं मत गेलं, या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

अर्डिसबाईंनी सदुसष्टाव्या वर्षी घटस्फोट घेतला आणि माहेरचं आडनाव परत मिळवलं. नवरा ॲरिझोनाला गेला, आडनाव मात्र टपालातून येत राहिलं. बाईंनी टपालपेटीवर ठळक अक्षरांत चिकटवलं : ‘टोलेफसन नावाचं कुणी इथे राहत नाही. परत पाठवा.’

तीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेची बस चालवली होती. ती शाळा बंद करायची की ठेवायची, यावर एप्रिलमध्ये मतदान होतं. ते मत त्यांना स्वतःच्या नावानं द्यायचं होतं.

नियम असा, की नाव बदलण्याआधी मतदार पत्त्यावर राहतो का, हे पाहायचं. पाहायचं ते यादीतल्या नावानं. म्हणजे जुन्या. माझ्यावर ‘अर्डिस टोलेफसन’ छापलं गेलं, आणि खाली ‘व्यक्ती राहत नसल्यास परत करावे’.

पोस्टमन मर्ल मला घेऊन पेटीपाशी थांबला. बाई समोर अंगणात फावड्यानं बर्फ ओढत होत्या. मला वाटलं, आता हातात देईल.

“काही आहे का रे मर्ल?” बाईंनी विचारलं.

“त्या दुसऱ्या बाईंचं आहे, अर्डिसताई.”

“मग इथे काय करतोयस? पाटी वाचता येते ना?”

“मागच्या वेळी तुम्हीच झापलंत, म्हणून तर वाचतोय,” तो म्हणाला, आणि माझ्यावर शिक्का मारला : राहत नाहीत. मी थिजलो. जिच्यासाठी निघालो होतो, तिनेच मला दहा पावलांवरून हाकललं होतं.

शिक्का पाहून कार्यालयानं टोलेफसनबाईंचं नाव यादीतून काढलं. आठवड्यानं बाई चौकशीला आल्या. खिडकीत त्यांची बालमैत्रीण डोलोरेस.

“अर्डिस, तू त्या पत्त्यावर राहत नाहीस.”

“अगं, रविवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून साखर-लोणी लावून बटाट्याचे चार लेफ्से कुणी खाल्ले?”

“मी खाल्ले. कार्यालयानं नाही खाल्ले.”

“बरं. मग नवं नाव लाव.”

“कशाला लावू? बदल करायला आधी नोंद लागते. ती आता नाही.”

“मग जुनी परत आण!”

“टोलेफसनबाईंनी येऊन सही करायला हवी.”

बाईंनी न्यायालयाचा आदेश खिडकीवर आपटला. “यापुढे त्या नावानं सही करायची नाही, असं न्यायाधीशानं लिहिलंय!”

डोलोरेसनं चष्मा काढून पुसला. “तेही बरोबरच आहे,” ती म्हणाली.

मी फायलीत होतो. खिडकीच्या दोन्ही बाजूंना इतका खरेपणा मी एकदम कधी पाहिला नव्हता. कुणीच चुकलं नव्हतं, आणि बाई मतदार नव्हत्या. मग त्यांनी नव्या मतदाराचा अर्ज मागून घेतला आणि उभ्यानेच भरला. डोलोरेसनं मला पुरावा म्हणून त्याला टाचलं आणि दोघांना सही करणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

मतदानाच्या दिवशी साहेब रजेवर होते. बाईंनी शाळेकडून जुनी बस मागून घेतली आणि गाडी न चालवता येणाऱ्या एकोणीस म्हाताऱ्यांना केंद्रावर नेलं-आणलं. डोलोरेस दुसऱ्या दिवशी सांगत होती, की दर खेपेला सगळे आत जायचे आणि अर्डिस स्टिअरिंगवर हात ठेवून बाहेर बसायची. एकानं विचारलं, “तू नाही येत?” ती म्हणाली, “मी इथे राहत नाही.”

शाळा राहिली.

अर्जावर साहेबांची सही व्हायची आहे. अर्ज प्रलंबित आहे.