कामाचे नसलेले फोटो

भिंगरीचं खरं नाव घरातही कुणाच्या तोंडात उरलं नव्हतं. पाय घरात ठरतच नाही म्हणून आई एकदा कावली, "पायाला भिंगरी लागलीय मेलीच्या!" आणि तेच नाव चिकटलं. कुठे उत्सव आहे असं नुसतं कानावर यायचा अवकाश, हिची पाठपिशवी तयार. गावोगावचे नाच, मिरवणुका, नटलेली माणसं कॅमेऱ्यात टिपायची आणि मासिकांना पाठवायची. पोटही त्यावरच आणि जीवही त्यातच.

तिची एक सवय मात्र फार चांगली होती. ज्याचा फोटो छापून यायचा, त्याला ती एक मोठी प्रत स्वतः नेऊन द्यायची. म्हातारे हरखायचे, बायका "अगंबाई, मी एवढी जाडी आहे?" म्हणून फुगून बसायच्या, पण चहा पाजल्याशिवाय कुणी सोडायचं नाही.

त्या दिवशीही ती भलीमोठी चौकट बगलेत मारून शिंपीणकाकूंच्या दुकानाच्या पायऱ्या जवळजवळ उड्या मारतच चढली. चौकटीत काकूंची मुलगी होती. मागच्या उत्सवात तोंडाला निळा-सोनेरी रंग फासून नाचणारी. थेट मुखपृष्ठावर झळकली होती पोर!

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन शिलाई मशीन, चिंध्यांचं बोचकं, खिळ्यांना लटकलेले बिनबाह्यांचे झगे. काकू टीप मारत होत्या आणि त्यांची नणंद खाली बसून बटणं लावत होती.

"काकू, ओळखलंत का? आणि आमची हिरॉईन कुठाय? हाक मारा तिला!" भिंगरीने चौकटीवरचा कागद टराटरा फाडला.

मशीन थांबलं.

"ती नाही गं आता," काकू म्हणाल्या. "उत्सवानंतर ताप आला. डोक्यात गेला. बघता बघता गेली."

भिंगरीच्या तोंडचं पाणीच पळालं. काकूंनी तिच्या हातातली चौकट घेतली, तळहाताने काच पुसली आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"छान आहे. पण ह्यात ती कुठाय? मला नुसता रंगच दिसतोय."

"वहिनी, एवढ्या लांबून आणलाय बिचारीने," नणंद पुटपुटली.

"तसं नाही वन्सं." काकू भिंगरीकडे वळल्या. "नाच झाल्यावर तिने नळावर तोंड धुतलं होतं बघ. तू म्हणालीस, आता हस. तेव्हाचेही काढलेस ना? घरी येऊन मला सांगत होती, 'आई, आज मी तोंड उघडून हसले.' पुढचा दात तुटल्यापासून ओठ मिटूनच हसायची बया. आमच्याकडे शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो आहे तेवढा. त्यात चोर पकडून आणल्यासारखी दिसते."

नणंदेला फस्सकन हसू आलं, आणि मग तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

भिंगरीला सगळं आठवलं. लेन्सवर पाणी उडालं होतं. तोंडावरचा रंग गेलेला, मागे बादल्यांची रांग, मध्येच कुणाचं तरी कोपर. त्यात उत्सव कुठे दिसतच नव्हता! परतीच्या बसमध्ये, कॅमेऱ्याच्या कार्डात जागा हवी म्हणून, तिने ते सगळे उडवून टाकले होते. शेंगा खाताना टरफलं टाकावीत तसे.

"असतील काकू," ती म्हणाली. "बघते."

काकूंचा चेहरा असा काही उजळला, की भिंगरीला तिथून पळून जावंसं वाटलं. "वन्सं, ऐकलंत? आहेत म्हणे!"

पुसलेले फोटो परत काढून देणारा एक मित्र होता तिचा. त्याने कार्ड कॉम्प्युटरला जोडलं आणि कपाळावर हात मारला.

"भिंगरे, ह्याच्यावर नंतर किती उत्सव कोंबलेस? पाटी पुसायची, लिहायची, परत पुसायची, आणि वर म्हणायचं पहिलं अक्षर वाचून दाखव!"

"काढ ना रे. जमेल तेवढं काढ."

जमलं ते एवढंच: एक फोटो, तोही अर्धा. खालचा सगळा भाग नुसती राखाडी पट्टी.

पोस्टाने पाठवून मोकळं व्हावं, असं तिला दहादा वाटलं. पण ती गेली. ह्या वेळी पायऱ्या एकेक करून चढली.

"काकू, ते फोटो माझ्याकडे नव्हते. मी तेव्हाच पुसले होते. मला ते कामाचे वाटले नाहीत. एवढाच परत आला."

"कामाचे नव्हते?" नणंद उसळली. "अगं, हाडामांसाची पोर होती ती! आणि ही वेडी रोज दाराकडे डोळे लावून—"

"वन्सं, असू द्या."

काकूंनी फोटो मशीनच्या दिव्याखाली धरला. कपाळाला चिकटलेले ओले केस, कानामागे राहून गेलेला निळा रंग, घट्ट मिटलेले डोळे. नाकाच्या खाली काहीच नाही.

"डोळे मिटलेत," काकू म्हणाल्या.

"हो, नेमके मिटले त्या वेळी. म्हणून तर मी..."

"वेडी आहेस. उगाच हसायची तेव्हा डोळे टक्क उघडे असायचे तिचे. हे खरं हसणं आहे." मग त्यांनी राखाडी पट्टीवर अंगठा टेकवला. "इथे दात दिसत होता का गं?"

भिंगरीने जीव खाऊन आठवलं. लेन्सवरचे थेंब आठवले, बादल्या आठवल्या, ते मेलं कोपरसुद्धा आठवलं.

"नाही आठवत, काकू," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.

कापडावरची चुणी मोडावी तसा काकूंचा अंगठा त्या पट्टीवरून फिरत राहिला.