भुऱ्याच्या घशातलं हाड

चारुलताबाईंनी शुक्रवारी तिसरीच्या वर्गाला वर्णन लिहायला दिलं, 'माझा पाळीव प्राणी'. अट एकच होती. गाइडातलं 'कुत्रा इमानी प्राणी आहे' चालणार नाही. डोळ्यांना जे दिसेल आणि हाताला जे लागेल, तेच लिहायचं. शनिवारी वह्या जमा झाल्या. पण बाईंच्या शहाद्याच्या घरी पाहुणे होते, त्यामुळे बाईंनी पिशवी उघडली ती थेट सोमवारी, मधल्या सुट्टीत.

काजलनं पानभर लिहिलं होतं.

'मन्हा भुऱ्या तपकिरी शे. तो आता भुंकत नाही, घोगरा रडतो. तोंड उघडंच ठेवतो. लाळ डिंकासारखी गळते. पाण्यात तोंड घालतो पण गिळत नाही. आजी म्हणते घशात हाड अडकलं. मी हात घालून पाहिलं. आत गरम होतं. हाड नव्हतं.'

'छान निरीक्षण' असं लिहायला उचललेला लाल पेन बाईंच्या हातातच राहिला. त्यांनी पान पुन्हा वाचलं.

"काजल कुठंय रे?"

"आज उनीच नही बाई," नवनीत म्हणाला.

मुख्याध्यापकांना सांगून बाई जवळजवळ पळतच काजलच्या घरी गेल्या. आजी, जसोदाबाई, ओट्यावर शेंगा सोलत होती.

"काजल कुठे आहे? बरी आहे ना?"

"बापसंगे वावरमा गयी. कापूस येचाले."

"आणि भुऱ्या?"

"काल उसमा घुसना, परत उनाच नही. हाड अडकेल व्हतं बिचाराले. पोरले जरासं दात लागना, मी हळद लायी दिधी."

तीन दिवस. त्यातले दोन वही त्यांच्याच पिशवीत होती.

वावरात काजल हसत समोर आली. बोटावर हळदीनं पिवळा झालेला बारीक ओरखडा होता. बाईंनी तिला हाताला धरून बोअरच्या पाइपाखाली नेलं आणि ड्रमाजवळ पडलेल्या साबणानं बोट धुवायला लागल्या. थांबेचनात.

"बाई, एवढुसा वरखडा शे," तिचा बाप पितांबर म्हणाला. "उद्या दवाखानामा लई जासू."

"पितांबरभाऊ, कुत्रं पिसाळलेलं होतं. हा रोग एकदा उठला की त्याला औषध नाही. उठायच्या आत सुई घ्यायची. आजच. आत्ता."

त्यानं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मोटारसायकल काढली.

शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वही मागून घेऊन वाचली. जखमेभोवती सुया टोचल्या, दंडावर लस दिली, पुढच्या तारखा लिहून दिल्या. "लाळ लागली असेल तर आजीलाही आणा," ते म्हणाले.

"वाचेल ना?" बाईंनी हळूच विचारलं.

"वेळेत आणलंय. एकही तारीख चुकवू नका."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. त्यांनी वर्गाला विचारलं, "भुऱ्या आणखी कोणाला चावला? कोणाला चाटला?"

मागच्या बाकावर एक हात वर झाला. त्यानंतर आणखी एक.

काजल धरून तिघं मुलं आणि जसोदाबाई अठ्ठाविसाव्या दिवसाच्या शेवटच्या सुईपर्यंत दवाखान्यात जात राहिली. कोणालाच काही झालं नाही. पण तोवर रोज सकाळी हजेरी घेताना काजलचं "हजर" ऐकू येईपर्यंत बाई पुढचं नाव घेत नसत.