पाच तोंडांचा कागद

मन कसं सांभाळायचं हे शिकवायला जो माणूस आला होता, त्याला वस्तीकेंद्राच्या दाराची कडी उघडता येईना. आत्या आतून बघत होती. ती कडी उचलून ओढायची असते. तो ढकलत होता. तीनदा ढकलून झाल्यावर त्याने खिडकीतून हाक मारली, तेव्हा ती उठली, दार उघडलं आणि मनात म्हणाली, आला मनाचा मिस्त्री.

केंद्राची किल्ली एकवीस वर्षं आत्याच्या कमरेला होती. सकाळी उघडायचं, खुर्च्या मांडायच्या, चहा टाकायचा, संध्याकाळी कुलूप लावायचं. ती इथल्या कोणाचीच सख्खी आत्या नव्हती, पण संचालिकाबाईंपासून नळवाल्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. कोण घरी भांडून आलंय, कोण दोन दिवस जेवलेलं नाही, हे ती चहाचा कप हातात देताना ओळखायची. तिला यासाठी कोणी कोट घालायला दिला नव्हता.

शिकवणाऱ्याला मात्र कोट होता, म्हणून त्याचं नाव कोटवाले पडलं. दोन दिवस शिकवणी होती आणि झाडूवालीपासून सगळ्यांनी बसायचं असा हुकूम होता. कोटवाल्यांनी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. मग सगळ्यांना डोळे मिटायला लावलं आणि म्हणाले, "तुम्ही एक झाड आहात." आत्याने डोळे मिटले ते झोपायला. संचालिकाबाई झाड होता होता रडल्या, आणि फोटोवाला त्यांच्याकडे वळेपर्यंत रडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कोटवाले म्हणाले, "एखाद्याच्या मनात जीव द्यायचा विचार आहे अशी शंका आली, तर आडून विचारू नका. सरळ विचारा. विचारल्याने विचार येत नसतो. असला तर बाहेर पडतो. मग त्याला एकटं सोडू नका. आणि जो माणूस एकाएकी आवराआवर करतो, लोकांच्या वस्तू परत देत सुटतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा."

आत्याने झाडूवालीला कोपर मारलं. "हा बायकोला 'जेवलीस का' हे तरी सरळ विचारतो का, विचार त्याला."

झाडूवाली पदरात तोंड लपवून हसली. कोटवाल्यांनी हातातल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं.

जाताना ते एक कागद ठेवून गेले. त्यावर पाच गोल तोंडं होती. पहिलं रडकं, दुसरं पडकं, तिसऱ्याला काहीच कळत नव्हतं, चौथं बरं आणि पाचवं खदाखदा हसणारं. दर बुधवारी जो येईल त्याने आपल्या मनासारख्या तोंडावर फुली मारायची. फुल्या गोळा करायला एक मुलगी नेमली. ती सगळ्यांशी लहान मुलांशी बोलावं तशी बोलायची. तिला सगळे फॉर्मवाली म्हणत.

बुधवारी येणाऱ्यांत एक मोटारवाला होता. पंख्यांच्या, पंपांच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या, करपलेली तार काढायची आणि तांब्याची नवी तार गुंडाळायची, हा त्याचा धंदा. पन्नाशी ओलांडलेली, हात काळे, बोलणं मोजकं. वेढे मोजून घालावे लागतात, एक चुकला की मोटार तापते. तो हाताचं यंत्र फिरवायचा आणि शेजारी बसून बायको वेढे मोजायची. तीस वर्षं असंच चाललं. एकुलती मुलगी सासरी गेली आणि दीड वर्षापूर्वी बायको वारली. तेव्हापासून तो केंद्रात येऊन खिडकीजवळ बसायचा, चहा प्यायचा आणि उठून जायचा. आत्याच्या मते त्याला तेवढं पुरत होतं.

पहिल्याच बुधवारी फॉर्मवालीने त्याच्यापुढे कागद ठेवला. "काका, आज आपलं मन कोणत्या चेहऱ्यासारखं आहे बरं?"

त्याची पेन्सिल दुसऱ्या तोंडावर टेकली आणि तिथेच थांबली. त्या दिवशी त्याने त्या पडक्या तोंडावरच फुली मारली, आणि फॉर्मवालीने तासभर त्याला सोडलं नाही. श्वास मोजायला लावले, हात उघडायला लावले, पोटात कोणता रंग दिसतो ते विचारलं. मोटारवाला घामाघूम झाला.

पुढच्या बुधवारी पेन्सिल पुन्हा तिथेच अडली. आत्या चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होती.

"काय बघतोस त्या तोंडांकडे, सोयरीक जमवायचीय का? त्या शेवटच्यावर मार आणि मोकळा हो. नाहीतर ही पोरगी तुला रंग विचारत बसेल."

त्याने हसऱ्यावर फुली मारली. फॉर्मवालीने टाळ्या वाजवल्या. मग दर बुधवारी तो न थांबता पाचव्यावर फुली मारू लागला आणि आत्या त्याला जास्त साखरेचा चहा देऊ लागली. कागदाला चांगलं बनवलं, असं तिला वाटायचं.

सहा आठवड्यांनी फॉर्मवालीने त्याच्या हातात एक गुळगुळीत कागद दिला. 'आनंदाकडे वाटचाल पूर्ण.' खाली सही, वर सूर्य. "काका, तुम्ही बरे झालात. आता तुमची जागा दुसऱ्या कोणाला देऊ या, हं?"

"बरं," तो म्हणाला. त्याने कागदाची चौघडी घातली.

"घे, पास झालास," आत्या म्हणाली, आणि हसली. हे हसणं पुढे तिला फार आठवणार होतं.

महिनाभर तो दिसला नाही. मग केंद्रात मोठा कार्यक्रम ठरला. पाहुणे येणार, कोटवाले भाषण देणार, बाहेर कापडी फलक: 'आम्ही ऐकतो.' फुलं विस्कटू नयेत म्हणून संचालिकाबाईंनी सभागृहाच्या रस्त्याकडच्या, त्याच कडीच्या दाराला सकाळीच कुलूप घालायला लावलं आणि अकराला उघडायला सांगितलं. आत्या किल्ली घेऊन ओसरीवर बसली.

साडेदहाच्या सुमाराला मोटारवाला आला. खांद्यावर सभागृहाचा पंखा होता, उन्हाळ्यापासून त्याच्याकडे पडलेला. त्याने तो टेबलावर ठेवला आणि फडक्याने पाती पुसली.

"नवी तार घातलीय. चालेल आता."

"एवढी घाई कशाची? कधी मागितला होता का मी?"

"सगळ्यांचं देऊन टाकलं, आत्या. आता माझ्याकडे कोणाचं काही राहिलं नाही."

आणि तो हसला. अगदी त्या पाचव्या तोंडासारखं. मग पाठ वळवून निघून गेला.

आत्या पंख्याकडे बघत राहिली. नको असताना गिळलेलं वर यावं तसं कोटवाल्यांचं ते वाक्य तिच्या घशाशी आलं. वस्तू परत देत सुटतो. तिने ते वाक्य ऐकलंही नव्हतं असं तिला वाटत होतं. ऐकलं होतं.

ती संचालिकाबाईंच्या खोलीत गेली. बाई आरशापुढे भाषण घोकत होत्या.

"मोटारवाल्याकडे कोणालातरी पाठवा. आत्ता. त्याचं लक्षण ठीक नाही."

"मोटारवाला?" बाईंचा चेहरा खुलला. "अहो आत्या, तो तर आपला सगळ्यात चांगला आकडा. दोनवरून पाचवर. आज पडद्यावर त्याचीच रेघ दाखवणार आहोत."

"ती रेघ मी वर चढवली. मीच म्हटलं त्याला, हसऱ्यावर मार."

बाईंनी आधी दार लोटून घेतलं. "हे आज कुठे बोलू नका. आणि त्याचं नाव परत यादीत घालायचं तर नवा अर्ज लागतो, सहा आठवडे जातात. कार्यक्रम होऊ दे, मग बघू."

"कोटवाले आलेत ना? त्यांना तरी सांगा."

"ते तयारी करतायत. त्यांना हलवू नका."

कोपऱ्यातल्या खुर्चीत कोटवाले पाय जमिनीला टेकून, डोळे मिटून, कानात फोनची बोंडं घालून बसले होते. झाड झाले असावेत.

आत्या वळली. चपला घातल्या आणि निघाली.

मागच्या गल्लीत त्याचं दुकान. दार अर्धं उघडं होतं. फळ्यांवर नेहमी मोटारींची गर्दी असायची, आज तिथे नुसते धुळीचे गोल उरले होते. गुंडाळायचं यंत्र तेल लावून कापडात बांधलेलं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली ते 'आनंदाकडे वाटचाल' सरकवलेलं. तेवढं मात्र योग्य जागी आहे, असं तिला वाटलं.

तो स्टुलावर बसला होता. "पंखा चालत नाही का?"

"पंख्याचं राहू दे." ती खोक्यावर बसली. एकवीस वर्षं जिला कोणापुढे शब्द कमी पडला नव्हता, तीही आता आडून विचारायची वाट शोधू लागली. कोटवाल्याचं तोंड आठवलं आणि त्याचा रागच कामाला आला.

"जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली. ती पार कोपऱ्यावर जाईपर्यंत तो आपल्या बोटांकडे बघत होता.

"आहे."

"आजचं?"

"आज नाहीतर उद्या." मग म्हणाला, "मोजदाद राहत नाही, आत्या. साठपर्यंत जातो. पुढचा आकडा ती म्हणायची. तो ऐकू येत नाही, मग सगळं उकलतो आणि परत एकपासून. ही शेवटची मोटार तर नऊ वेळा उकलली."

असं बोलू नये, मुलीचा विचार कर, सगळं ठीक होईल. ही तीनही वाक्यं आत्याच्या ओठांवर आली आणि तिने ती तिथेच दाबली. फॉर्मवालीच्या तोंडची वाटली तिला.

"त्या कागदातल्या हसऱ्या तोंडावर फुली मी मारायला लावली," ती म्हणाली. "शहाणपणा केला. चुकलं माझं. तुला दुसऱ्यावर मारायची होती."

"पहिल्यावर," तो म्हणाला. "लाज वाटायची."

ती उठली नाही. त्याच्याच फोनवरून तिने त्याच्या मुलीला बोलावलं. "सासूला काय सांगायचं ते सांग, पण आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात ये. मनाचे डॉक्टर बसतात तिथे. मी बापाला घेऊन निघतेय. नाही, धडधाकट आहे. ये तू." फोन ठेवते न ठेवते तोच तिचा स्वतःचा वाजला.

"आत्या, कुठे आहात? अकरा वाजले, पाहुणे दारात उभे आहेत. किल्ली?"

आत्याने फोन बंद केला. कमरेची किल्ली सोडली आणि मोटारवाल्यापुढे धरली.

"तुझ्याकडे कोणाचं काही नाही ना? ही घे."

"पाहुणे आलेत ना पण?"

"आलेत. मला ही उद्या सकाळी आठला हवी. तुझ्या हातून. त्याच्या आत कोणाला द्यायची नाही."

तो किल्लीकडे बघत राहिला. मग दुसऱ्याची वस्तू ठेवावी तशी जपून त्याने ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.

दवाखान्याची वाट केंद्रावरूनच जात होती. 'आम्ही ऐकतो' या फलकाखाली पंचवीस-तीस माणसं उन्हात उभी होती. संचालिकाबाई धावत आल्या.

"आत्या, ऐका तरी. किल्ली?"

"माझ्याकडे नाही."

मोटारवाल्याची पावलं थबकली. हात आपोआप खिशाकडे गेला.

"आठ वाजता," आत्या त्याच्याकडे न बघता म्हणाली.

हात खिशावरच राहिला. ते पुढे निघाले. मागे, कुलूप लटकत असताना, कोटवाले दाराची कडी ढकलून बघत होते.

चार पावलांवर मोटारवाला हळूच म्हणाला, "उचलून ओढायची असते ती."

"ते आपल्याला ठाऊक," आत्या म्हणाली. "चल, तुझी मुलगी वाट बघत असेल."